झिजलेली जागा

सकाळी सव्वादहाला फोन वाजला, तेव्हा बाई नवऱ्याला मऊ भात भरवत होत्या. उजव्या मनगटाला बँडेज होतं, त्यामुळे चमचा डाव्या हातात आणि डाव्या हाताला कशाचीच सवय नाही. अर्धा घास टॉवेलवर सांडला होता. त्यांनी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला.

"बाई, मी संस्थेतून मास्तर बोलतोय. ओळखलंत?"

बाईंनी ओळखलं. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं आवाजात उतरवून ठेवणारी ती संस्था. मास्तर तिथलेच जुने विद्यार्थी, आता तिथेच शिकवायला होते. जन्मापासून दिसत नव्हतं. वर्षाकाठी एकदा सरांची चौकशी करायला त्यांचा फोन यायचा. पण तो असा सकाळी नाही.

"सरांच्या टेप आम्ही संगणकावर चढवतोय. ग्रीक तत्त्वज्ञानाच्या. सगळ्या नीट उतरल्या, फक्त एका जागी टेप पार गेलीय. एक ओळ पुन्हा बोलून हवी होती."

"अहो, पण यांना बोलता कुठे येतंय आता..."

"सरांची नाही, बाई. तुमची."

"माझी? माझं काय असणार तिथे? 'हो' असेल."

"'हो'च आहे." मास्तर हसले. "पण ते तुमचंच हवं. आज जमेल? रेकॉर्डिंगची खोली दुपारी मोकळी आहे."

पलंगावरून नवऱ्याने विचारलं, "मग?"

बाईंनी चमचा पुढे केला. सरांनी तोंड फिरवलं. म्हणजे भात नको होता. किंवा फोन कुणाचा, हे हवं होतं. त्या एका शब्दाचा अर्थ मानेवरून, डोळ्यांवरून, डाव्या हाताच्या बोटांवरून लावावा लागे.

मेंदूत रक्तस्राव होऊन सरांची उजवी बाजू गेली आणि वाचाही. दवाखान्यात आठवडाभर ते काहीच बोलले नाहीत, मग एका सकाळी नर्स सुई टोचत असताना स्पष्ट म्हणाले, "मग?" सगळ्यांना वाटलं, आता येईल हळूहळू. पण पुढे काही आलं नाही. तहान लागली तरी मग, चादर टोचली तरी मग, रडू आलं तरी मग. डॉक्टरांनी बाईंना समजावलं, की अशा पेशंटचा कधीकधी एखादाच शब्द मागे राहतो, बहुधा आयुष्यभर जास्त वापरलेला. "पुष्कळांची शिवी उरते," ते म्हणाले, "तुमच्याकडे निदान प्रश्न उरलाय."

सर रात्रीच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. दिवसभर नोकरी करून आलेली माणसं वर्गात जांभया देत बसायची आणि सर त्यांना जागं ठेवायचे ते केवळ विचारून. त्यांचा सगळा जीव ग्रीकांवर. त्यातही बाजारात अनवाणी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रश्न विचारणारा जो म्हातारा, ज्याने स्वतः एक ओळ लिहिली नाही आणि शेवटी गावाने दिलेलं विष मुकाट्याने प्यायलं, त्याच्यावर. सर म्हणायचे, त्याने कुणाला काही सांगितलं नाही. उत्तर माणसाच्या आतच असतं. ते बाहेर काढायला फक्त कुणीतरी नीट विचारावं लागतं. सरांनीही कधी कुणाला काही सांगितलं नाही. वर्गातही नाही आणि घरातही नाही.

"मीठ कमी आहे का?" असं ते कधी म्हणाले नाहीत. म्हणायचे, "तुला ही आमटी कशी वाटते?" बाई चाखून बघायच्या. "मीठ कमी पडलंय." "असं तुला वाटतंय?" "हो." "मग?" आणि बाई मिठाची बरणी घेऊन यायच्या. पाहुणे हसायचे. सुरुवातीला बाईही हसायच्या.

फोन ठेवून बाईंनी टॉवेल झटकला. "संस्थेतून होता," त्या म्हणाल्या. "तुमच्या टेपचं काहीतरी. मी दुपारी जाऊन येते. आया थांबेल."

"मग?"

"मग काय, एक ओळ बोलायचीय. येते लगेच."

लगेच यायलाच हवं होतं. संध्याकाळी मुलाचा फोन येणार होता आणि त्याला उत्तर द्यायचं होतं.

मुलगा आदल्या दिवशी येऊन गेला होता. बाईंच्या मनगटाचं कळल्यावर तो कामावरून तडक आला. सरांना खुर्चीत बसवताना दोघंही घसरले होते. सर बाईंच्या अंगावर आणि बाई हातावर. हाड मोडलं नव्हतं एवढंच. मुलाने मनगट हातात घेऊन बघितलं, वडिलांच्या कपाळावरून हात फिरवला आणि बाईंना स्वयंपाकघरात नेलं. स्टूल ओढून समोर बसला. बसण्याची पद्धत थेट बापाची, गुडघ्यांवर कोपरं टेकून.

"आई, बाबांना उचलायला दोन माणसं लागतात ना?"

"हो."

"आया दुपारचीच येते. बाकी वेळ तू एकटी."

"हो."

"उद्या तूच आडवी झालीस तर त्यांच्याकडे कोण बघणार?"

बाई मनगट चोळत राहिल्या.

"कोण बघेल, सांग ना."

"कुणी नाही."

"तिथे शुश्रूषागृहात चोवीस तास माणसं आहेत. फिजिओथेरपी आहे. मी स्वतः जाऊन बघून आलोय, खोटं कशाला बोलू? खिडकीजवळचा बेड आहे. त्यांना खिडकी लागते ना?"

"लागते."

"मग?"

बाईंनी चटकन वर बघितलं. मुलाला आपण काय म्हणालो याचा पत्ताही नव्हता. तो खरोखर काळजीने बोलत होता. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, दोन नोकऱ्यांच्या मधल्या वेळात तो आला होता आणि आल्यापासून त्याने पाणीही घेतलं नव्हतं.

"मी तुझ्यावर लादत नाहीये काही," तो म्हणाला. "तूच ठरव. फक्त उद्या संध्याकाळपर्यंत सांग. ते बेड धरून ठेवत नाहीत. तू हो म्हणालीस की गाडी मी सांगतो."

तूच ठरव. हेही बापाचंच.

संस्थेची इमारत दोन मजली होती. जिन्याच्या कठड्याला प्रत्येक वळणावर ठिपक्यांच्या लिपीतली पट्टी चिकटवलेली होती. बाई कितीतरी वर्षांनी आल्या होत्या. तेव्हा रेकॉर्डिंगच्या खोलीला भिंतीवर सतरंज्या टांगलेल्या असत आणि पंखा बंद ठेवावा लागे. दोघं घामाघूम होऊन वाचायची. आता भिंतीला फोम होता, काच होती आणि काचेपलीकडे चाळिशीची एक रेकॉर्डिस्ट गळ्यात हेडफोन अडकवून डबा खात होती. बाईंना बघून तिने डब्याचं झाकण लावलं.

"याच का होबाई?" ती म्हणाली आणि जीभ चावली.

मास्तर काठी भिंतीला टेकवून उभे होते. गोरेमोरे झाले. "बाई, रागावू नका. आम्ही मुलं तुम्हाला तसंच म्हणायचो. पुस्तकभर तुमच्या वाट्याला तेवढंच आहे ना."

"रागावून काय करू?" बाई म्हणाल्या. "पाणीखात्यात तीस वर्षं तक्रारीच्या खिडकीवर बसले. 'हो, लिहून घेतलं. हो, माणूस पाठवते.' तिथेही हेच नाव पडलं असेल. माझ्या कानावर आलं नाही एवढंच."

तिघंही हसले. खोलीतला अवघडलेपणा जरा गेला.

पुस्तक सरांनी स्वतः लिहिलेलं होतं. ग्रीकांच्या धर्तीवर रचलेले संवाद: एक म्हातारा विचारतो, एक तरुण उत्तर देतो. संस्थेने ते रेकॉर्ड करायचं ठरवलं तेव्हा म्हातारा अर्थात सर झाले आणि तरुणाच्या जागी फुकट येऊन बसेल असं दुसरं कोण होतं? कॉलेजला सुट्टी असेल त्या संध्याकाळी बाई ऑफिसातून परस्पर इथे यायच्या. सर लांबच लांब प्रश्न वाचायचे आणि बाई म्हणायच्या, हो. अगदी बरोबर. तसंच दिसतंय. नाकारता येणार नाही. नाटकातल्या पाठमोऱ्या शिपायालाही याहून जास्त बोलायला असतं, असं त्या एकदा बोलून गेल्या होत्या. सर म्हणाले, "पण त्याच्या होकाराशिवाय म्हातारा एक पाऊल पुढे टाकू शकतो का?" त्यावर बाई म्हणाल्या, नाही. तोही होकारच होता.

"मूळ टेप गळतीत भिजून गेल्या," मास्तर सांगत होते. "उरला तो मुलांना ऐकायला द्यायचा संच. त्यामुळे जे आहे ते त्यातूनच उतरवायचं. आणि या सहाव्या कॅसेटचं हे असं झालं." त्यांनी टेबल चाचपून कॅसेट उचलली आणि बाईंच्या हातात दिली, जणू त्यात काही दिसणार होतं.

"खराब कशाने झाली?"

मास्तर ओशाळले. "आम्हीच केली, बाई. बाकी सगळीकडे तुमचं 'हो' सरांच्या प्रश्नाला चिकटून येतं. या एका ठिकाणी तुम्ही थांबता. बराच वेळ थांबता. मग 'हो' म्हणता. आम्हाला दिसत नाही, आवाजावरच सगळं. तर आम्ही हॉस्टेलवर पैज लावायचो, या वेळी होबाई 'नाही' म्हणणार. टेप तीच आहे, तेच येणार, हे काय कळत नव्हतं होय? पण तुम्ही अशा काही थांबता, की वाटायचं या खेपेला म्हणतीलच. म्हणून मागे न्यायची, पुन्हा लावायची. आमच्यानंतरच्या मुलांनीही तेच केलं. तेवढीच जागा झिजली."

बाई कॅसेटकडे बघत राहिल्या.

"ऐकवू का?" रेकॉर्डिस्टने विचारलं आणि बटण दाबलं.

आधी खरखर आली. मग सरांचा आवाज. बाईंनी टेबलाची कड धरली. घरात तोच माणूस रोज समोर असून हा आवाज किती दिवसांत ऐकला नव्हता. घशात जरासा खाकरा, शब्दांच्या शेवटी किंचित वर जाणारी लकेर. आपण विचारलेल्या प्रश्नाचं आपल्यालाच कौतुक वाटल्यासारखी.

"माणूस चुकीचं वागतो, ते चांगलं काय हे त्याला ठाऊक नसतं म्हणून. पटतं?"

"पटतं," टेपवरच्या बाई म्हणाल्या. तरुण, घाईचा आवाज.

"आजारी माणसाला औषध कोणतं ते कळलं, तर तो मुद्दाम विष घेईल?"

"नाही घेणार."

"मग ज्याला योग्य काय ते खरोखर कळलं, तो तसंच वागतो. असं म्हणायचं ना?"

त्यानंतर खरखर. पोत्यावर पोतं घासल्यासारखी, लांबच लांब. आणि खरखरीच्या पलीकडून एकदम स्वच्छ, "मग?" आणि पुढचा प्रश्न.

रेकॉर्डिस्टने टेप थांबवली. "इथे तुमची ओळ. 'हो, तसंच म्हणायला हवं.' आधीचा पॉज मास्तरांना हवाय, तेव्हा जरा थांबून म्हणा. आवाजात फरक पडेल, पण चालतंय."

बाईंना ती ओळ सांगायची गरज नव्हती.

त्या रेकॉर्डिंगच्या आधी काही महिने नाना आले होते. नाना म्हणजे बाईंचे वडील. आई गेल्यावर दुसऱ्या गावी एकटेच राहत होते. चार दिवसांसाठी म्हणून आले. पण येताना बॅग मोठी आणली होती आणि बॅगेत हिवाळ्याचे कपडे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाल्कनीतल्या कुंड्या रंगवायला काढल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुमच्याकडे ऊन चांगलं येतं गं." याहून जास्त ते बोलणारे नव्हते. बाईंना कळलं. न कळायला काय झालं?

दुपारच्या चहाला त्यांनी सरांकडे विषय काढला. म्हणाल्या, नानांना इथेच ठेवून घेऊया का? सर नाही म्हणाले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारायला लागले. नानांचे सगळे मित्र तिकडेच आहेत ना? हो. आपला जिना त्यांच्या गुडघ्यांना झेपतो का? नाही. तू दिवसभर ऑफिसात, मी वाचनात नाहीतर वर्गात; इथे ते बोलणार कुणाशी? कुणाशी नाही. तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून त्यांना इथे ठेवायचं, की त्यांच्या भल्यासाठी? त्यांच्या भल्यासाठी. त्यांचं भलं कुठे आहे, असं आत्ता तूच म्हणालीस?

"तिकडे," बाई म्हणाल्या.

"मग?"

"मग त्यांनी तिकडेच राहावं हे बरं."

"हे तू म्हणालीस हं. मी नाही," सर म्हणाले. दुष्टपणाने नव्हे. विद्यार्थ्याला गणित सुटल्यावर मास्तरांचा चेहरा फुलतो तसे म्हणाले.

बाई रिकामे कप घेऊन उठल्या तर आतल्या खोलीच्या दारात नाना उभे होते. हातात रंगाचा ब्रश. तो धुवायला निघाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरून तयार. घरचा नळ गळत होता, तो दुरुस्त करायला माणूस यायचाय, असं त्यांचं म्हणणं. बाई पाणीखात्यात कामाला. त्यांच्यापुढे नळाचं कारण. पण बाईंना त्यावर धड हसता आलं नाही. कुंड्या अर्ध्याच रंगवलेल्या राहिल्या.

त्याच वर्षी नाना गेले. दारात दुधाच्या पिशव्या साचल्या, म्हणून शेजाऱ्यांच्या लक्षात आलं.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बाई या खोलीत, त्या सतरंज्यांच्या मध्ये बसून सरांसमोर वाचत होत्या. ज्याला योग्य काय ते कळलं, तो तसंच वागतो. असं म्हणायचं ना? समोर कागदावर छापलेलं होतं: हो, तसंच म्हणायला हवं. बाईंना ते कागदावर दिसत होतं. तोंडातून येत नव्हतं. सरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. टेप फिरत होती. ऑफिसात खिडकीपुढे रांग अडली की लोक जसे खाकरतात तसं कुणीतरी खाकरलं, आणि बाई म्हणाल्या, हो, तसंच म्हणायला हवं.

तेव्हाच्या रेकॉर्डिस्टने विचारलं होतं, पुन्हा घेऊया का, मध्ये फार वेळ गेला. सर म्हणाले, "राहू दे. विचार करून दिलेलं उत्तर वाटतं."

"बाई?" मास्तर विचारत होते. "पाणी हवंय का?"

"नको." बाईंनी घसा साफ केला. "मुलं अजून शिकतात हे?"

"तर! यंदा वर्ग मोठा आहे. एक पोरगी पहिल्याच दिवशी म्हणाली, मास्तर, अडीच हजार वर्षांपूर्वीचं कशाला घोकायचं? मी तिला ही जागा ऐकवली. खरखरीसकट. ती म्हणाली, छे, हे काहीतरीच. मला कळतं की आजीला फोन करायला हवा, तरी मी करत नाही. मग म्हातारा असं कसं म्हणतो? म्हटलं, आता शिळं वाटतंय का?" मास्तर हसले आणि मग गंभीर झाले. "मला लहानपणी सगळे सांगायचे. इथे बस, तिकडे जाऊ नको, तुला जमणार नाही. मला कुणी काही विचारलंच नव्हतं. या टेपमध्ये पहिल्यांदा विचारलं. सर विचारत होते तुम्हाला. पण उत्तर मी द्यायचो. तुमच्या आधी. आपलंही उत्तर असू शकतं, हे मला सरांमुळे कळलं."

बाईंनी मान डोलावली. मास्तरांना ते दिसलं नाही, हे लक्षात येऊन त्या म्हणाल्या, "हो." त्यांना मास्तरांचा हेवा वाटला. तेच प्रश्न, तीच टेप.

हेडफोन कानावर चढवून त्या माइकसमोर बसल्या. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने बोट वर केलं. कानात सर म्हणाले, मग ज्याला योग्य काय ते खरोखर कळलं, तो तसंच वागतो. असं म्हणायचं ना?

बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "हो, तसंच म्हणायला हवं."

रेकॉर्डिस्टने अंगठा दाखवला. "छान. जुळतंय. आणखी एकदा घेऊन ठेवू, असावा एक जादा."

पुन्हा सरांचा आवाज. पुन्हा ती लकेर. असं म्हणायचं ना?

"नाही," बाई म्हणाल्या. "मला कळलं होतं."

काचेपलीकडे रेकॉर्डिस्टचं बोट बटणावरच राहिलं. टेप थांबली नाही. कानात सर म्हणाले, "मग?"

तोच शब्द, तीच जुनी टेप. माणसाला पुढे ढकलायला वापरलेला. पण आज तो बाईंपाशी येऊन थांबला. सर मात्र थांबले नाहीत, ते पुढच्या प्रश्नाकडे निघून गेले, जणू बाई हो म्हणाल्या होत्या.

बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मास्तर हळू आवाजात म्हणाले, "बाई, पुढचं सगळं पुस्तक त्या 'हो'वर उभं आहे."

"माहीत आहे. तुम्ही पहिलंच घ्या."

"दुसरं पुसू?" रेकॉर्डिस्टने मास्तरांना विचारलं.

मास्तरांनी काठी शोधली. हाताला लागली, तरी उचलली नाही. "राहू दे आत्ता," ते म्हणाले. "बघू."

बाई घरी पोचल्या तेव्हा आया चपला घालूनच बसली होती. "आजोबा आज सारखे दाराकडं बघत होते," ती म्हणाली. "नुसतं मग, मग, मग. मी म्हटलं, येतील हो, पळून जायचं वय आहे का त्यांचं?" ती गेल्यावर बाईंनी दार लावलं, सरांची उशी सारखी केली, पाण्याचा चमचा ओठांना लावला आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून बसल्या.

"तुमचा आवाज ऐकून आले," त्या म्हणाल्या.

सर त्यांच्याकडे बघत होते. एक डोळा नीट, एक अर्धवट मिटलेला.

बाईंना एक विचारायचं होतं. इतक्या वर्षांत ते विचारायला दुपारी होत्या, रविवार होते, चहा होते. सर धडधाकट होते, उत्तर देऊ शकत होते. नव्हे, कुणी प्रश्न विचारला की खूश होणारा माणूस तो. पण त्या घरात विचारायचं काम सरांचं होतं आणि बाईंनी ते कधी आपल्याकडे घेतलं नाही.

"त्या दिवशी नाना दारात उभे होते," त्या म्हणाल्या. "माझी पाठ होती तिकडे. तुमचं तोंड होतं दाराकडे. तुम्हाला ते दिसले होते का?"

सरांचे ओठ हलले. डाव्या हाताची बोटं चादरीवर जवळ आली, पुन्हा सुटली.

"मग," ते म्हणाले. या वेळी शेवटी लकेर नव्हती. आवाज खालीच राहिला. ते हो होतं, का नाही, का नुसतं दुखणं, बाईंना लावता येईना. त्यांनी सरांचे डोळे बघितले, मान बघितली, बोटं बघितली. एरवी त्या ओळखायच्या. पाणी की लघवी, ऊन की वारा, सगळं ओळखायच्या. आज काही लागेना.

फोन वाजला. मुलगा होता.

"आई, मनगट कसंय? बाबा जेवले?"

"जेवले थोडं."

"बरं ऐक, मला सहा वाजता त्यांना कळवायचंय. मग, काय ठरलं?"

बाई थांबल्या. पलीकडे रस्त्याचा आवाज येत होता. तो बाहेर कुठेतरी उभा राहून बोलत होता.

"आई? आहेस ना?"

"आहे. मी त्यांना विचारतेय."

"कुणाला? बाबांना?" मुलाने विचारलं. "अगं आई, बाबा काय सांगणार आता?"

"ते मला ठाऊक नाही रे," बाई म्हणाल्या. "म्हणून तर विचारतेय."

मुलगा काहीतरी म्हणाला. तो चिडला नव्हता, थकला होता. त्याने शुश्रूषागृहात विनंती करून उद्या दुपारपर्यंतची मुदत मागून घेतली आणि तसं कळवायला पुन्हा फोन केला. खिडकीजवळचा बेड तोवर रिकामा ठेवतो म्हणालेत. गाडी अजून सांगितलेली नाही.

संस्थेच्या संगणकावर सहाव्या कॅसेटच्या त्या जागी दोन्ही उत्तरं ठेवलेली आहेत. मास्तरांनी अजून एकही पुसायला सांगितलेलं नाही.

बाईंनी दिवा लावला आणि पुन्हा पलंगाजवळ येऊन बसल्या. बँडेजचा हात मांडीवर, दुसरा सरांच्या डाव्या हातावर. "तिकडे जायचंय का तुम्हाला?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर सुचवलं नाही. सरांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. ते खिडकीकडे बघत राहिले, बराच वेळ, आणि बाईंनी घाई केली नाही.